काउंटरवर सांगता येईल असे पथ्य

औषध देणे वैद्याच्या हाती असते. पथ्य पाळणे मात्र रुग्णाच्या हाती असते, आणि ते तो आपल्या नजरेसमोर पाळत नाही. पूर्वी वैद्याने सांगितलेले पथ्य घरच्या स्वयंपाकघरात पोहोचत असे आणि घरची अन्नपूर्णा त्याप्रमाणे वरण पातळ करी, फोडणीतील मिरची वगळी. आज नोकरदार रुग्णाचे दुपारचे जेवण बहुधा बाहेरचे असते. तेथे पथ्याची अंमलबजावणी काउंटरपलीकडे उभा असलेला एक अनोळखी कर्मचारी करतो, आणि त्याला सूचना देण्यासाठी रुग्णाजवळ एखाद-दोन मिनिटेच असतात. म्हणून ग्राहक अशा ठिकाणी अन्न कसे मागवितो, हा विषय चिकित्सकाच्या अभ्यासाचा ठरतो. त्याचाच विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

या उपाहारगृहांची रीत

अमेरिकेत ‘फास्ट कॅज्युअल’ नावाने ओळखला जाणारा उपाहारगृहांचा एक वर्ग आहे. त्यात वाढपी नसतो आणि बर्गर-तळणाचा झटपट खाद्यप्रकारही मुख्य नसतो. भात, डाळी, पालेभाज्या, भाजलेल्या भाज्या, मांस आणि चटण्या काचेमागे मांडलेल्या असतात. ग्राहक रांगेतून पुढे सरकत एकेक पदार्थ निवडतो आणि त्याचे ‘बाउल’ त्याच्या डोळ्यांदेखत भरले जाते. स्टीव्ह एल्स यांनी 1993 मध्ये डेन्व्हर येथे सुरू केलेल्या चिपोटले या उपाहारगृहाने ही रीत रूढ केली. पुढे 2007 मध्ये वॉशिंग्टन शहराच्या जॉर्जटाउन भागात स्वीटग्रीन सुरू झाले. त्याचा भर सॅलडवर होता. भूमध्यसागरी पदार्थ देणाऱ्या कावाने 2011 पासून हीच पद्धत स्वीकारली. अमेरिकेतील मराठी कुटुंबांनाही ही उपाहारगृहे परिचित आहेत. शाकाहारी व्यक्तीला तेथे राजमा, छोले वा टोफू घालून पोटभर जेवता येते, हे त्याचे एक कारण. पुण्या-मुंबईत मोबाइलवरून मागविता येणारी ‘बाउल’ हाही याच प्रथेचा विस्तार होय.

ग्राहकाचे अनुभव आणि अष्ट आयतने

चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या पहिल्या अध्यायात आहारविधीची आठ विशेष आयतने सांगितली आहेत. काउंटरवरील ग्राहकाला विचारले जाणारे आणि न विचारले जाणारे प्रश्न त्यांच्या आधारे तपासले असता पुढील गोष्टी स्पष्ट होतात.

1. प्रकृती : येथे द्रव्याचा स्वभाव अभिप्रेत आहे. नवख्या ग्राहकाची पहिली अडचण नावांची. ‘सोफ्रितास’ म्हणजे मसाल्यात शिजविलेला टोफू, ‘फलाफल’ म्हणजे वाटलेल्या छोल्यांचे तळलेले वडे, हे फलकावरील नावावरून कळत नाही. मागे रांग असल्याने ग्राहक विचारत नाही, नुसती मान डोलावतो. परिणामी तळलेले, गुरु द्रव्य तो ‘आरोग्यदायी’ समजून घेतो.

2. करण : करण म्हणजे संस्कार. सॅलड म्हणजे हलके, असा सार्वत्रिक समज आहे. कच्च्या, थंड, जाड पानांचा मोठा वाडगा मंदाग्नीच्या रुग्णास पचण्यास जड जातो आणि आध्मानाची तक्रार घेऊन तो आपल्याकडे येतो. अशाच उपाहारगृहात भाजलेल्या भाज्या आणि उष्ण धान्याचे बाउलही मिळते. फक्त ते मागावे लागते.

3. संयोग : चिपोटलेचा पांढरा भात दिसायला साधा असतो, परंतु त्यात लिंबाचा रस आणि कोथिंबीर घातलेली असते. अम्लपित्ताच्या रुग्णास ‘साधा भात खा’ असे सांगितल्यास तो हाच भात घेईल. तेथील सॅलडवरील द्रवात मध असतो. उष्ण अन्न आणि मध यांविषयीचा शास्त्रविचार मानणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी. हा द्रव वेगळ्या वाटीत मिळत असल्याने तो वगळणे सोपे आहे. एवढ्याशा त्या वाटीत सुमारे 220 किलोकॅलरी असतात, ही गोष्ट स्थौल्याच्या रुग्णास सांगण्यासारखी आहे.

4. राशी : आचार्यांनी मात्रेचे सर्वग्रह आणि परिग्रह असे दोन प्रकार मानले आहेत. संपूर्ण आहाराची एकत्रित मात्रा हा सर्वग्रह, तर प्रत्येक द्रव्याची स्वतंत्र मात्रा हा परिग्रह. अमेरिकेत 20 किंवा अधिक शाखा असलेल्या उपाहारगृहांना मे 2018 पासून खाद्यपदार्थांच्या कॅलरी फलकावर लिहाव्या लागतात. भारतातही अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या 2020 च्या नियमांनी 10 किंवा अधिक ठिकाणी शाखा असलेल्यांना तसे बंधन घातले आहे. मात्र बाउल ग्राहकच घडवीत असल्याने फलकावर पुष्कळदा ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ असा मोठा पल्ला लिहिलेला असतो आणि त्यातून नेमका बोध होत नाही. शिवाय पळी कर्मचाऱ्याच्या हाती असते. 2024 मध्ये चिपोटलेच्या ग्राहकांनी वाढप कमी झाल्याची मोठी तक्रार केली. कमी वाढण्याचा आदेश दिलेला नाही असे कंपनीने सांगितले, पण काही शाखांतील कर्मचाऱ्यांना पुन्हा प्रशिक्षण देण्याची गरजही मान्य केली. स्वीटग्रीनने 2023 मध्ये इलिनॉय राज्यातील नेपरव्हिल येथे यंत्राने मोजून बाउल भरणारे स्वयंपाकघर सुरू केले. राशी हा विषय व्यवहारात किती अवघड आहे, हे या दोन्ही घटनांवरून दिसते.

5. देश : अन्नद्रव्य कोठून आले, ते खाणारा कोणत्या देशातील, हा विचार येथे येतो. कडाक्याच्या थंडीत शिकागोसारख्या शहरात राहणाऱ्या वातप्रकृतीच्या मराठी माणसाने रोज थंड सॅलड खावे काय, हा प्रश्न काउंटरवर कोणी विचारणार नाही. तो वैद्यानेच विचारावयाचा आहे.

6. काल : मोबाइलवर मागणी सकाळीच नोंदविता येते. तयार बाउल फळीवर ठेवले जाते आणि ग्राहक सवडीने ते उचलतो. भूक लागण्यापूर्वीच आहार ठरतो आणि उष्ण अन्न निवते. पूर्वीचा आहार जीर्ण झाला की नाही, याचा विचार या पद्धतीत राहून जातो.

7. उपयोगसंस्था : उष्ण, स्निग्ध, मात्रायुक्त, फार घाईने नव्हे, फार सावकाशही नव्हे, मन लावून जेवावे, हे नियम आपण जाणतो. उत्तम द्रव्ये निवडूनही संगणकासमोर बाउल संपविणारा ग्राहक यातील अर्धे नियम मोडतो.

8. उपयोक्ता : मागवून घेणारा कोण, हाही प्रश्न महत्त्वाचा. स्वीटग्रीनने एके काळी रोख रक्कम घेणे बंद केले होते. कार्ड नसलेल्यांवर अन्याय होतो अशी टीका झाली. 2019 मध्ये फिलाडेल्फिया शहर आणि न्यू जर्सी राज्याने रोख नाकारण्यास बंदी केली आणि त्याच वर्षी कंपनीने रोख स्वीकारण्याचे जाहीर केले. सोयीची पद्धत कोणाला तरी दाराबाहेर ठेवते, हा त्यातील धडा.

दुर्लक्षून चालणार नाही असे दोन धोके

पहिला धोका ॲलर्जीचा. जुलै 2016 मध्ये इंग्लंडमधील एका 15 वर्षांच्या मुलीचा मृत्यू झाला. विमानतळावर घेतलेल्या पावाच्या कणकेत तीळ होते आणि वेष्टनावर त्यांचा उल्लेख नव्हता. तिला तिळाची ॲलर्जी होती. त्यानंतर दुकानातच आधी बांधून ठेवलेल्या पदार्थांवर सर्व घटक लिहिणे तेथे 1 ऑक्टोबर 2021 पासून बंधनकारक झाले. अमेरिकेनेही 1 जानेवारी 2023 पासून तिळाचा समावेश प्रमुख ॲलर्जीकारक द्रव्यांत केला. ‘हमस’ म्हणजे वाटलेले छोले, असे सांगितले जाते, पण त्यात तिळाचे वाटणही असते. ‘मला ॲलर्जी आहे’ हे वाक्य ग्राहकाने पहिला पदार्थ वाढण्यापूर्वीच उच्चारले पाहिजे. मागणीच्या शेवटी सांगितल्यास तोपर्यंत चमचे आणि हातमोजे सर्व पदार्थांतून फिरलेले असतात.

दुसरा धोका औषध आणि आहार यांच्या विरोधाचा. वॉरफॅरिन घेणाऱ्या हृद्रोग्याने ‘तब्येतीसाठी’ एकाएकी रोज केल वा पालकाचा मोठा वाडगा सुरू केला, तर त्यातील जीवनसत्त्व ‘के’मुळे औषधाचा परिणाम घटू शकतो आणि रक्ताची गुठळी होण्याचा संभव वाढतो. उलट, रोजची पालेभाजी अचानक बंद केल्यास रक्तस्रावाची भीती असते. अशा रुग्णाने पालेभाजीचे प्रमाण स्थिर ठेवावे आणि बदल करावयाचा असल्यास मूळ चिकित्सकास कळवून रक्ततपासणी करून घ्यावी. वृक्कविकाराच्या रुग्णास पोटॅशियमयुक्त पालेभाज्या, टोमॅटो आणि ॲव्होकाडो यांचा एकत्रित भार घातक ठरू शकतो. ‘सॅलड खात जा’ हा सल्ला निरुपद्रवी नसतो, हे आपण प्रथम मानले पाहिजे.

पथ्यपत्र कसे लिहावे

‘तिखट, आंबट, जड वर्ज्य’ एवढे लिहिलेली चिठ्ठी काउंटरवर निरुपयोगी ठरते. तेथे प्रश्न ज्या क्रमाने येतात त्याच क्रमाने पथ्य लिहावे: तळाशी काय, मुख्य पदार्थ कोणता, वर काय, चटणी वा द्रव कोणता, आणि केव्हा व कसे खावे. उदाहरणादाखल, अम्लपित्ताच्या रुग्णासाठी चिठ्ठी अशी असू शकेल:

तळाशी : लिंबू न पिळलेला उष्ण भात, तो नसल्यास दुसरे साधे शिजविलेले धान्य.
मुख्य : भाजलेल्या भाज्या किंवा साधे शिजविलेले कडधान्य अर्धी पळी. तळलेले नको.
वर : काकडी, थोडा ॲव्होकाडो. कच्चा कांदा, लोणच्यातील मिरची आणि आंबट मलई नको.
द्रव : नको. दिलाच तर वेगळ्या वाटीत.
काल : भूक लागल्यावर, बसून, गरम असतानाच.

रुग्णास चिकित्सालयातच एकदा ही मागणी मोठ्याने म्हणावयास सांगावे. जो येथे अडखळतो तो रांगेतही अडखळतो. रुग्ण नेहमी जेथून मागवितो तेथील पदार्थयादी मोबाइलवर उघडून, त्याच्यासोबत वाचून खुणा केल्यास पुढच्या भेटीत पथ्यभंगाची कारणे शोधत बसावे लागत नाही. घाबरणाऱ्या वा संकोची रुग्णास मोबाइलवरून मागणी नोंदविणे सोपे जाते, कारण तेथे रांगेचा दबाव नसतो. मात्र तीव्र ॲलर्जी असलेल्याने केवळ लेखी सूचनेवर विसंबू नये. प्रत्यक्ष बोलून खात्री करून घ्यावी.

औषधालयचालकांसाठी बोध

आपल्या औषधालयाचा काउंटरही याहून फार वेगळा नाही. तेथेही ग्राहक घाईत असतो, नावे अपरिचित असतात आणि शेजारी उभ्या माणसासमोर आपली व्याधी सांगण्याचा संकोच असतो. उपाहारगृहातील घटकांचा प्रश्न आपल्याकडे अधिकच गंभीर आहे. आपल्या बहुसंख्य सिद्ध तैलांचा आधार तिळतेल आहे. आसव-अरिष्टांत संधानातून निर्माण झालेले मद्य असते. अवलेहांत साखर वा गूळ असतो, आणि मधुमेही ग्राहक च्यवनप्राश मागताना हे लक्षात घेतोच असे नाही. म्हणून औषध हाती देण्यापूर्वी दोन प्रश्न विचारण्याचा नियम करावा. कशाची ॲलर्जी आहे काय? दुसरे कोणते औषध चालू आहे काय? उत्तर चिठ्ठीवर नोंदवावे आणि शंका असल्यास वैद्यांना दूरध्वनी करावा. मोबाइलवरून पैसे देता न येणाऱ्या वृद्धासाठी गल्ल्यात सुटे पैसे असावेत. अनुपानाची सूचना बोलून न थांबता पुडीवर मोठ्या अक्षरांत लिहावी.

उपसंहार

आहार आता मागणीनुसार घडविला जातो आणि मागणी नोंदविणारा रुग्ण स्वतः असतो. त्याला योग्य शब्द पुरविणे हे आपले काम आहे. आचार्यांची आठ आयतने आपल्याला पाठ आहेत. ती रुग्णाला काउंटरवर उच्चारता येतील अशा पाच ओळींत उतरविली, तर पथ्य चिठ्ठीवरच न राहता त्याच्या ताटापर्यंत पोहोचेल. सर्व व्यावसायिक बंधुभगिनींनी पुढील तिमाहीत आपल्या दहा रुग्णांसाठी अशी पथ्यपत्रे लिहून पाहावीत आणि कोणती ओळ पाळली गेली, कोणती नाही, याची नोंद ठेवावी. त्या नोंदींतूनच प्रत्येकाला आपापल्या रुग्णांसाठी कोणते शब्द उपयोगी पडतात ते कळेल.