देश बदलताना दिव्यांगत्वाचे लाभ : भाचीस पत्र



युरोपीय संघातील एका देशातून दुसऱ्या देशात राहायला जाणाऱ्या दिव्यांग व्यक्तीचे लाभ चालू राहतात की बंद पडतात, या प्रश्नाला एकच उत्तर नाही. कारण दरमहा एकाच बँक खात्यात जमा होणाऱ्या रकमांपैकी एक निर्धास्तपणे सोबत येते, दुसरी अटी पाळल्या तरच येते आणि तिसरी सीमेवरच थांबते. कोणती रक्कम कोणत्या वर्गात मोडते हे तिच्या नावावरून कळत नाही, तर ती कोणत्या कायद्याखाली आणि कशाच्या आधारावर मंजूर झाली यावरून ठरते. म्हणून जर्मनीतील घर सोडण्याची नोटीस देण्यापूर्वी आणि नेदरलँड्समध्ये घर पाहण्यापूर्वी भाचीने प्रत्येक रकमेचे मंजुरीपत्र काढून त्यावर लिहिलेले कायद्याचे कलम वाचावे.

या विषयाचा पाया म्हणजे 2004 चा 883 क्रमांकाचा युरोपीय नियम आणि त्याच्या अंमलबजावणीचा 2009 चा 987 क्रमांकाचा नियम. हे दोन्ही 1 मे 2010 पासून लागू असून ते संघाच्या सदस्य देशांबरोबरच आइसलँड, लिश्टेनश्टाइन, नॉर्वे आणि स्वित्झर्लंड यांच्या बाबतीतही चालतात. या नियमांनी सर्व देशांचे कायदे एकसारखे केलेले नाहीत; प्रत्येक देशाची पेन्शन, तिच्या अटी आणि तिची रक्कम ज्या त्या देशाचीच राहते, आणि नियम फक्त त्यांच्यातील सांधे जुळवतात. ही मर्यादा ध्यानात न घेतल्यामुळे ‘युरोप एकच आहे, तेव्हा लाभही एकच’ असा समज पसरतो, आणि तो महाग पडतो.

भाचीला मिळणारी ‘एर्व्हेर्ब्समिंडरुंग्सरेंटे’, म्हणजे कमाईची क्षमता घटल्यामुळे मिळणारी जर्मन पेन्शन, ही विम्याच्या वर्गणीतून उभी राहिलेली असल्याने ती पहिल्या वर्गात मोडते. लाभार्थी दुसऱ्या सदस्य देशात राहतो एवढ्याच कारणावरून अशी रक्कम कमी करता, थांबवता किंवा काढून घेता येत नाही, असे मूळ नियमाचे सातवे कलम सांगते. चिंतेची जागा वेगळीच आहे. ही पेन्शन बहुधा मुदतीची असते, एका वेळी जास्तीत जास्त तीन वर्षांसाठी मंजूर होते आणि मुदत संपताना पुन्हा तपासली जाते. ती तपासणी नेदरलँड्समध्ये राहूनही होऊ शकते, कारण जर्मन संस्थेच्या विनंतीवरून राहत्या देशातील संस्था वैद्यकीय तपासणी करून अहवाल पाठवते. जर्मन संस्थेला स्वतःच्या डॉक्टरकडून तपासणी हवी असेल, तर प्रकृतीला अपाय न होता प्रवास शक्य असला पाहिजे आणि प्रवासाचा व मुक्कामाचा खर्च त्या संस्थेने सोसला पाहिजे. निर्णय मात्र जर्मन कायद्यानेच होतो.

येथे एक विसंगती समजून घेणे आवश्यक आहे. जर्मन कायदा क्षमता तासांत मोजतो : दिवसाला तीन तासांपेक्षा कमी काम शक्य असेल तर पूर्ण पेन्शन, तीन ते सहा तासांच्या दरम्यान असेल तर अर्धी. नेदरलँड्सचा कायदा मात्र दोन वर्षांच्या आजारपणानंतर पूर्वीच्या पगाराच्या तुलनेत कमाई किती टक्क्यांनी घटली हे पाहतो आणि घट किमान 35 टक्के असल्याशिवाय दार उघडत नाही. त्यामुळे तीच व्यक्ती, तोच आजार आणि तेच कागद असूनही एका देशात ती पूर्ण अक्षम आणि दुसऱ्या देशात सक्षम ठरू शकते, आणि एका देशाचा निर्णय दुसऱ्यावर बंधनकारक ठरायला त्या दोन देशांच्या व्याख्या जुळत असल्याची नोंद नियमाच्या परिशिष्टात असावी लागते. जर्मन मंजुरीपत्र दाखवले की डच लाभ आपोआप मिळेल, अशी आशा भाचीने बाळगू नये.

सर्वांत अधिक काळजी दुसऱ्या वर्गातील ‘फ्लेगेगेल्ड’ची घ्यावी. घरीच देखभाल करणाऱ्या आप्तांच्या आधारासाठी मिळणारा हा रोख भत्ता 2025 पासून देखभालीच्या गरजेच्या दुसऱ्या श्रेणीला महिना 347 युरो, तिसऱ्या श्रेणीला 599 युरो असा आहे. तो मदतीचा नव्हे तर आजारपणाच्या विम्याचा रोख लाभ आहे, असा निर्णय युरोपीय न्यायालयाने 1998 मध्ये मोलेनार खटल्यात दिला. 2001 मध्ये याउख खटल्यात ऑस्ट्रियाच्या तशाच भत्त्याबद्दल तीच भूमिका घेतली गेली, आणि देशांनी सीमेपलीकडे न मिळणाऱ्या लाभांच्या परिशिष्टात नाव घातले एवढ्यावरून लाभ अडवता येत नाही हे स्पष्ट झाले. त्यामुळे तो सोबत येतो. पण जर्मन आरोग्य विमा टिकून असेल तोवरच. केवळ जर्मन पेन्शनवर राहणाऱ्या व्यक्तीच्या उपचारांचा भार जर्मनीच सोसते, आणि त्यासाठी ‘एस 1’ हा दाखला जर्मन विमा संस्थेकडून घेऊन नव्या देशात नोंदवावा लागतो. भाचीने नेदरलँड्समध्ये नोकरी धरली, मग ती अर्धवेळ का असेना, तर काम जिथे तिथला विमा या तत्त्वाने डच विमा लागू होतो आणि फ्लेगेगेल्डचा पाया ढासळतो. पेन्शन राहते, पण कमाईच्या मर्यादेसाठी डच पगारही मोजला जातो. देखभालीचा विमा ऐच्छिक रीतीने चालू ठेवण्याची वाट जर्मन कायद्यात आहे, तिला अर्जाची मुदत मात्र लहान आहे. शिवाय राहत्या देशातून प्रत्यक्ष सेवा घेतल्यास आणि तिचा खर्च जर्मनीकडे गेल्यास तेवढी रक्कम रोख भत्त्यातून वजा होते. सेवा आणि रोख दोन्ही पूर्ण मिळतील असा हिशेब मांडू नये.

तिसरा वर्ग, म्हणजे वर्गणीशी संबंध नसलेले विशेष रोख लाभ, थोडक्यात आटोपता येतो, कारण त्याबाबत फारसे करण्यासारखे नाही. जर्मनीची ‘ग्रुंडसिखरुंग’, अपुऱ्या उत्पन्नाला जोड देणारी रक्कम, ही नियमाच्या दहाव्या परिशिष्टात नोंदलेली आहे आणि ती राहत्या देशातच मिळते. नव्या देशाचा तसा लाभ मागावा लागतो. मागताना मात्र सावधगिरी हवी, कारण काम न करणाऱ्या युरोपीय नागरिकाकडून तीन महिन्यांनंतर पुरेशी साधने आणि आरोग्य विमा यांची अपेक्षा केली जाते आणि अशी मागणी राहण्याच्या हक्काबद्दलच प्रश्न उपस्थित करू शकते.

जर्मन दिव्यांग ओळखपत्राचा आधारही जर्मनीतील वास्तव्य किंवा नोकरी हाच आहे, तो गेला की सवलती जातात. 2024 मध्ये मंजूर झालेले युरोपीय दिव्यांग ओळखपत्र जून 2028 पासून लागू व्हायचे आहे, पण ते अल्पकाळच्या मुक्कामातील सवलतींसाठी आहे, रोख लाभांसाठी नाही. वैयक्तिक मदतनिसाच्या सेवेबाबत 2018 चा एक निर्णय मात्र आशादायक आहे : फिनलंडमधील एस्पो येथील एका विद्यार्थ्याने एस्टोनियातील तालिन येथे कायद्याचे शिक्षण घेताना मदतनीस मागितला, तो नाकारला गेला, आणि ही सेवा 883 च्या नियमात बसत नसली तरी नागरिकाच्या संचारस्वातंत्र्यामुळे ती केवळ परदेशाच्या कारणावरून नाकारता येत नाही, असे न्यायालयाने ठरवले. या विद्यार्थ्याने मूळ घर एस्पोतच ठेवले होते. कायमच्या स्थलांतराला हा दाखला तसाच्या तसा लागू करू नये.

भारतीय पारपत्र असलेल्यांसाठी आणखी एक पायरी आहे. 2010 च्या 1231 क्रमांकाच्या नियमाने कायदेशीर रहिवासी असलेल्या परदेशी नागरिकांनाही हा समन्वय लागू झाला, डेन्मार्क मात्र त्याबाहेर आहे. तो नियम लाभ जपतो, दुसऱ्या देशात राहण्याचा परवाना देत नाही. जर्मनीतील दीर्घकालीन युरोपीय निवासपरवाना हाती असेल तर दुसऱ्या देशात अर्ज करता येतो, पण तो प्रवेशानंतर तीन महिन्यांच्या आत करावा लागतो.

क्रमाविषयी भाचीने हट्टी असावे. आधी पेन्शन संस्था, आरोग्य विमा आणि देखभाल विमा यांना लेखी कळवून लेखी उत्तर घ्यावे, ‘एस 1’ हातात पडल्यावरच नगरपालिकेतील नोंद रद्द करावी, आणि नव्या पत्त्याची खबर उशिरा देऊन जादा रकमेच्या वसुलीला निमंत्रण देऊ नये. हयातीचा दाखला मागितला गेला, तर तो वेळेवर पाठवावा. अर्ज चुकून दुसऱ्या देशाच्या कार्यालयात गेला, तरी तेथे दिलेली तारीखच मुदतीसाठी धरली जाते. आणि जर्मन निर्णयाविरुद्ध हरकत घेण्यास एरवी एक महिना असला, तरी निर्णयपत्र परदेशात पोचल्यास तीन महिने मिळतात, म्हणून पाकीट आणि त्यावरील शिक्का जपून ठेवावा.