लोकशाहीची राखण

हेतू : उत्तम राज्यघटना लाभली म्हणजे लोकशाही कायमची सुरक्षित झाली, हा समज घातक असल्याचे वरच्या इयत्तांतील मुलांच्या ध्यानी आणून देणे.

माहिती : पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ साली जर्मनीत लोकसत्ताक राज्यघटना अमलात आली. तिने स्त्रीपुरुषांचा समान मताधिकार आणि भाषण व सभा यांचे स्वातंत्र्य मान्य केले. मात्र तिच्या ४८ व्या कलमान्वये संकटकाळी वटहुकूम काढण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षास होता. १९३० पासून मंदी, बेकारी व पक्षांतील बेबनाव यांमुळे संसदेत बहुमत जुळेना. तेव्हा वटहुकुमांवरच कारभार चालू लागला. जो अपवाद होता तो परिपाठ झाला आणि लोकांना त्याची सवय जडली.

३० जानेवारी १९३३ रोजी हिटलरची पंतप्रधानपदी रीतसर नेमणूक झाली. मंत्रिमंडळात त्याच्यासह त्याच्या पक्षाचे तिघेच होते. म्हणून इतर पुढाऱ्यांना वाटले की, हा आपल्या मुठीत राहील. २७ फेब्रुवारीस संसदगृहास आग लागली. दुसऱ्याच दिवशी त्याच ४८ व्या कलमाच्या आधारे नागरिकांचे स्वातंत्र्य स्थगित झाले. शेताच्या राखणीसाठी घातलेल्या कुंपणानेच शेत खाल्ले. २३ मार्चला संसदेने ४४४ मतांनी कायदे करण्याचा अधिकार सरकारच्या स्वाधीन केला. कम्युनिस्ट सभासदांना सभागृहात येऊच दिले नव्हते. धाकदपटशा असतानाही सोशल डेमोक्रॅटिक पक्षाच्या ९४ सभासदांनी विरुद्ध मत दिले. १४ जुलैस नाझी पक्षावाचून दुसरा पक्ष काढणे गुन्हा ठरला. सहा महिनेही लागले नाहीत.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत हाच इशारा दिला होता. घटना कितीही चांगली असली तरी ती राबविणारे वाईट निघाल्यास ती वाईटच ठरेल, आणि राजकारणातील विभूतिपूजा हुकूमशाहीकडे नेते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. भारतातही १९७५ ते १९७७ या आणीबाणीच्या काळात काही मूलभूत हक्कांसाठी न्यायालयात दाद मागता येईनाशी झाली होती.

वर्गात घ्यावयाचे काम : शिक्षकांनी शालेय मंत्रिमंडळाचा दाखला घ्यावा. मुख्यमंत्री हुशार आहे. त्याने सभा न भरविता सारे एकट्यानेच ठरविले व कामेही लवकर उरकली. यात इतर मुलांनी काय गमावले? त्यांनी केव्हा बोलावयास हवे होते? उत्तर शिक्षकांनी सांगू नये. मुलांना आपसांत वाद करू द्यावा. शांतपणे मतभेद मांडणे आणि दुसऱ्याचा ऐकून घेणे ही सवय ज्या वर्गात लागते, तेथेच लोकशाहीचे राखणदार तयार होतात.