एक डोंगर, दोन समुद्र

मुलांनो, नाशिकहून त्र्यंबकेश्वरास निघालात, म्हणजे काळ्या कातळाची एक प्रचंड भिंत समोर उभी राहते. तोच ब्रह्मगिरी. सह्याद्रीच्या या डोंगराची उंची सुमारे १३०० मीटर आहे.

येथून अरबी समुद्र जवळ. तरीही येथे उगम पावणारी गोदावरी त्याकडे पाठ फिरवून पूर्वेस निघते आणि १४६५ किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागरास मिळते. जवळच्याच डोंगरांत जन्मलेली वैतरणा मात्र कोकणात उतरून सुमारे दीडशे किलोमीटरांतच अरबी समुद्र गाठते. असे का व्हावे? सह्याद्रीचा माथा म्हणजे जणू घराचे आढे. त्याचा पश्चिमेकडील पाखा उभा, तर पूर्वेकडील लांब व उतरता. पाणी दुभागणाऱ्या अशा माथ्यास ‘जलविभाजक’ म्हणतात.

या उभ्या पाख्यावरून चढण्यास वाटा थोड्या. इगतपुरीजवळचा थळ घाट ही त्यांपैकी एक. १८६५ साली आगगाडी याच घाटाने वर आली.

येथे पाऊस विपुल पडतो. वैतरणेच्या धरणांतून मुंबईची तहान भागते. तरी उन्हाळ्यात याच परिसरातील पाड्यांवरच्या स्त्रिया हंडाभर पाण्यासाठी दूरवर चालतात. कारण उघडा कातळ पाणी राखीत नाही. पाणी राखते माती, आणि मातीला धरतात झाडांची मुळे. जो डोंगर दोन समुद्रांस पाणी देतो, त्याच्या पायथ्याची घागर रिती राहू नये.

स्वाध्याय : सह्याद्रीच्या माथ्यास आढ्याची उपमा का दिली आहे?