पॉलिस्टर तंतू कोणता निवडावा?

आपल्या पाड्यांवरची मुले-मुली सूतगिरणीत लागतात, तेव्हा त्यांना तुटलेला धागा जोडायला शिकवतात. तो का तुटतो, हे कळले तर हेल्परचा ऑपरेटर होतो. म्हणून वर्गात मी हा धडा आधी घेतो.

डेनिअर म्हणजे ९,००० मीटर तंतूचे ग्रॅममधील वजन. आकडा लहान, तंतू बारीक. धाग्याच्या जाडीत किती तंतू बसतात ते असे काढा: ५,३१५ भागिले काउंट, भागिले डेनिअर. ३० काउंटच्या धाग्यात १.२ डेनिअरचे सुमारे १४७ तंतू बसतात. २ डेनिअरचे ८८च.

रिंग: येथे चाती पीळ देते. साधारण ५०-६० तंतूंवरही धागा टिकतो. कापसात मिसळायला ३८ मिमी लांबीचा, १.२ ते १.४ डेनिअरचा तंतू घेतात.

रोटर: येथे साधारण १०० तंतू हवेत. म्हणून वरचा ८८ तंतूंचा धागा रोटरवर वारंवार तुटेल. लांबी ३२ ते ३८ मिमी ठेवावी. लहान रोटरमध्ये लांब तंतू धाग्याभोवती वेडेवाकडे गुंडाळले जातात. तंतूवरचे तेलकट लेपन जास्त असेल तर ते रोटरच्या खाचेत साचते.

एअर-जेट: येथे हवेचा झोत तंतू गुंडाळतो. जाड, ताठ तंतू नीट वळत नाही. म्हणून १ ते १.२ डेनिअर, ३८ मिमी.

मुलांनो, गाठ उघडताना तिच्यावरचे डेनिअर आणि लांबी हे दोन आकडे आधी वाचा. सरावासाठी: २० काउंट, १.४ डेनिअर, तंतू किती? उत्तर १९० च्या जवळ यायला हवे.