मानमोडीचा विषाणू निरोप कसा अडवतो

काशेळ्यापासून चौकपर्यंत, म्हणजे कर्जत-खालापुरात, पोल्ट्रीच्या शेडही आहेत आणि दारच्या गावठी कोंबड्याही. मानमोडीचं भय दोघांना सारखंच. एका वाडीवरची ताई पशुवैद्यक मॅडमना विचारते आहे.

ताई : मॅडम, सकाळी दाणे टिपणारी कोंबडी हिरवट हगते, मान मुरडते आणि मरते. तिचं शरीर लढतच नाही का?

डॉक्टर : लढतं ना! विषाणू शिरलेली पेशी इंटरफेरॉन नावाचं प्रथिन सोडते आणि शेजारच्या पेशींना सावध करते. हे इंटरफेरॉन १९५७ साली आयझॅक्स आणि लिंडेनमन यांना सापडलं, तेही उबवणीच्या अंड्यातल्या पापुद्र्यात.

ताई : सावध होऊनही पेशी मरतात?

डॉक्टर : निरोप आत पोचला तर ना! इंटरफेरॉन पेशीच्या बाहेरच्या अंगाला चिकटतं. तिथून केंद्रकापर्यंत बातमी नेणारं प्रथिन म्हणजे स्टॅट-१, गावच्या कोतवालासारखं. ते पोचलं की विषाणूला रोखणारी जनुकं जागी होतात. मानमोडीचा, म्हणजे राणीखेतचा विषाणू शिरला की 'व्ही' नावाचं प्रथिन तयार करतो आणि पेशीच्याच यंत्रणेकडून स्टॅट-१ ची मोडतोड करवून घेतो. विषाणूचा सुगावा घेणारं एमडीए-५ हे प्रथिनही व्ही दाबून धरतं, म्हणजे मुळात इंटरफेरॉनच कमी बनतं. मला नवल वाटतं ते पुढचंच : व्हीसाठी वेगळं जनुक नाही. सुमारे १५ हजार अक्षरांचा हा विषाणू, एका जनुकाची नक्कल करताना एकच अक्षर जास्त घालतो आणि त्यातून व्ही निघतं.

ताई : आम्ही आजारी कोंबड्यांना हातानं उचलतो. आम्हाला काही होत नाही?

डॉक्टर : फार तर डोळे लाल होतात, आणि आपोआप बरे होतात. व्हीची ही युक्ती कोंबडीच्या पेशीत चालते, माणसाच्या पेशीत चालत नाही, तिथे इंटरफेरॉन विषाणूला आवरतं. तरी हात साबणाने धुवाच.

ताई : मग औषध द्या.

डॉक्टर : लागण झाल्यावर औषध नाही, ताई. लस आधी हवी. पिल्लाला पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटाचा थेंब डोळ्यात, सातव्या-आठव्या आठवड्यात आरटूबी टोचून. प्रतिपिंडं तयार असली की बहुतेक विषाणू पेशीबाहेरच अडतो, व्हीची वेळच येत नाही. लस बर्फात आणा, कालवल्यावर लगेच संपवा.

ताई : शेजारची वाडी टोचून घेत नाही.

डॉक्टर : त्यांना सोबत घ्या, सगळ्यांची पिल्लं एकाच दिवशी टोचू. मेलेली कोंबडी ओढ्यात टाकू नका, चुना घालून खोल पुरा. आणि आजारी कोंबडी बाजारात नेऊ नका, कितीही कमी भावात गेली तरी.