डब्यांतील भाजीपाला व घरचें वापरलेलें पाणी

लातूर व नांदेड जिल्ह्यांतील शेतकऱ्यांस पाण्याची टंचाई कांहीं नवी नाहीं. सन १९७२ चा दुष्काळ वडील मंडळींच्या स्मरणांत आहे. आणि २०१६ सालीं मांजरा धरण आटल्यावर १२ एप्रिल रोजीं मिरजेहून पांच लाख लिटर पाणी घेऊन आगगाडी लातुरास आली, हेंही सर्वांस ठाऊक आहे. अशा वर्षीं विहीर तुटूं लागली कीं प्रथम वाफ्यांतील भाजी जाते, व जमिनीचा धनी असून शेतकरी आठवडे बाजारांत टमाटे व भेंडी विकत घेतो. हें टाळण्यास डब्यांतील लागवड हा चांगला उपाय होय. कारण तिला विहिरीच्या पाण्याची गरज पडत नाहीं.

महसुली कामांत आमची हयात गेली, म्हणून हिशेबानेंच सांगतों. तांदूळ, डाळ व भाजी धुतलेलें पाणी आपण मोरींत ओततों. सात-आठ माणसांच्या घरीं तें रोज दहा लिटर तरी निघतें. हिवाळ्यांत टमाट्याच्या एका डब्यास रोज सुमारें एक लिटर पुरतें. म्हणजे दहा डब्यांची सोय झाली. उन्हाळ्यांत पाणी दुप्पट लागतें, सबब तेव्हां डबे निम्मे ठेवावे. साबणाचें अगर सोड्याचें पाणी मात्र घालूं नये. डब्यांतील थोड्या मातींत त्याचे क्षार लवकर सांचतात व झाड खंगतें.

गोड्या तेलाचा पंधरा किलोचा रिकामा डबा यास उत्तम. तोंड कापून बुडाशीं बोटाएवढीं पांच-सहा भोकें पाडावीं, त्यांवर खापऱ्या ठेवाव्या व डबा दोन विटांवर मांडावा. पत्रा उन्हानें तापून मुळ्या भाजतात, याकरितां बाहेरून चुना द्यावा.

आपली काळी माती एकटी भरूं नये. ती सुकली कीं आकसून डब्याच्या कडेपासून सुटते. मग घातलेलें पाणी त्या फटींतून खालीं निघून जातें आणि मुळ्या कोरड्याच राहतात. ओली झाली तर तींत हवा शिरत नाहीं. दोन भाग माती, एक भाग कुजलेलें शेणखत व एक भाग वाळू असें मिश्रण करावें. वर सोयाबीनच्या भुश्याचा दोन बोटें थर द्यावा. त्यानें ओल टिकते.

टमाट्याचें बीं भाद्रपदांत टाकावें. राहुरीच्या कृषि विद्यापीठाचे भाग्यश्री व धनश्री हे वाण प्रसिद्ध आहेत. चार आठवड्यांचें रोप एका डब्यांत एकच लावावें व तुराटीचा आधार द्यावा. फळें थंडींत मिळतात. वैशाखाच्या उन्हांत फूल गळतें, म्हणून उन्हाळी टमाट्याच्या नादीं लागूं नये. त्या दिवसांत भेंडी लावावी. परभणीच्या कृषि विद्यापीठानें १९८५ सालीं दिलेली ‘परभणी क्रांती’ ही भेंडी, पानांच्या शिरा पिवळ्या पाडणाऱ्या रोगास तोंड देणारी म्हणून नांवाजली गेली. ती संकरित नसल्यामुळें तिचें बीं घरीं धरतां येतें. मेथी व कोथिंबीर यांस फुटकें घमेलेंही चालतें.

टमाट्याच्या बुडाशीं काळा डाग पडला तर कीड समजून औषध फवारूं नये. एक दिवस कोरडें व दुसरे दिवशीं चिखल असें झालें कीं मातींतील चुना फळापर्यंत पोंचत नाहीं, त्याचा हा परिणाम आहे. रोज ठरल्या वेळीं ठरलेलें पाणी घालणें हाच त्यावर उपाय.

डबा शेताची बरोबरी करणार नाहीं, व बाजारांत विकण्याजोगा मालही त्यांतून निघणार नाहीं. परंतु विहिरीस तळ लागला असतांही घरच्या ताटांत हिरवी भाजी येईल, आणि मोरीचें पाणी कारणीं लागेल. वाचकांनीं येत्या हंगामांत निदान दोन डबे लावावे, व पाणी किती घातलें आणि भाजी किती निघाली याची रोज नोंद ठेवावी, अशी आमची विनंती आहे.