इंग्रजीच्या तासात भाषांतराचे स्थान

इयत्ता पाचवीतील एखाद्या मुलास फळ्यावर 'द काउ ईट्स ग्रास' हे वाक्य लिहून दिले, तर तो त्याचा मराठी अर्थ बिनचूक सांगतो, आणि 'ईट' या क्रियापदाची तिन्ही रूपे घडाघडा म्हणून दाखवितो. त्याच मुलास व्हरांड्यात नेऊन समोर चरणाऱ्या गाईकडे बोट करून 'व्हॉट इज द काउ डुइंग?' असे विचारले, की तो गुरुजींच्या तोंडाकडे पाहू लागतो. खेड्यापाड्यांतील पुष्कळ शाळांत हा अनुभव येतो. यात दोष मुलाचा नाही, आणि सर्वस्वी शिक्षकाचाही नाही. शिक्षक स्वतः ज्या रीतीने इंग्रजी शिकला, त्याच रीतीने तो ते शिकवितो. सन २००० पासून महाराष्ट्रातील मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आल्यामुळे ज्या शिक्षकांना स्वतः चार वाक्ये बोलण्याची सवय नव्हती, त्यांच्यावरही हे काम येऊन पडले. तेव्हा ही रीत कोठून आली, तीत घेण्याजोगे काय व टाकण्याजोगे काय, हे पाहणे अगत्याचे आहे.

व्याकरण-भाषांतर पद्धती या नावाने ती ओळखली जाते. युरोपातील शाळांत शतकानुशतके लॅटिन शिकविले जाई. ती बोलण्याची भाषा राहिली नव्हती, म्हणून नियम पाठ करणे, रूपे चालविणे आणि ग्रंथांचा अर्थ लावणे एवढेच काम उरले होते. पुढे अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत फ्रेंच, जर्मन, इंग्रजी या जिवंत भाषा शाळेत आल्या, तेव्हा त्यांनाही लॅटिनचाच अंगरखा चढविण्यात आला. १८३४ मध्ये फ्रांट्स आन याचे व १८३५ मध्ये ओलेनडॉर्फ याचे पाठ्यपुस्तक निघाले व ती फार लोकप्रिय झाली. नियम, शब्दांची यादी, भाषांतराची वाक्ये, असा पाठाचा साचा ठरून गेला. आपल्याकडे डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांची संस्कृतची दोन पुस्तके आणि इंग्रजीसाठी तर्खडकरांची भाषांतर पाठमाला याच साच्यातील होत. त्यांनी केलेले काम लहान नाही. ग्रंथ वाचून समजावा एवढाच ज्यांचा हेतू होता, त्यांचा तो या पुस्तकांनी पुरा केला. पाठमालेच्या बळावर घरी बसून इंग्रजी वाचायला शिकलेली माणसे मराठी मुलखात थोडी नव्हती. शिवाय या पद्धतीत मोठा वर्ग आवरता येतो, उत्तरपत्रिका तपासणे सोपे जाते, आणि शिक्षकास स्वतः ती भाषा बोलावी लागत नाही. ती इतकी टिकली, याचे खरे कारण बहुधा हे शेवटचेच असावे.

या पद्धतीची मर्यादा फ्रांस्वा ग्वँ या फ्रेंच शिक्षकाइतकी क्वचितच कोणी भोगली असेल. तो लॅटिन शिकवीत असे. जर्मन शिकण्यासाठी तो हँबुर्गला गेला आणि खोलीचे दार लावून त्याने दहा दिवसांत जर्मन व्याकरण व २४८ अनियमित क्रियापदे पाठ केली. मोठ्या विश्वासाने तो व्याख्यान ऐकावयास गेला. एक शब्दही त्याला कळला नाही. नंतर त्याने ८०० धातू पाठ केले. शब्दकोश हाती घेऊन गटे व शिलर यांचे भाषांतर केले. शेवटी सुमारे ३०,००० शब्दांचा कोश महिनाभरात घोकला. त्यापायी डोळे बिघडले. भाषा मात्र आली नाही. इतका उद्योग करूनही ज्याच्या पदरी काही पडले नाही, त्याच्याकडे पाहिले म्हणजे आपल्या वर्गातील मुलांना 'मठ्ठ' म्हणण्यापूर्वी थोडे थांबावेसे वाटते.

निराश होऊन तो घरी परतला, तेव्हा त्याचा तीन वर्षांचा भाचा फ्रेंचमध्ये भराभर बोलत होता. एके दिवशी मुलाने पिठाची गिरणी पाहिली. घरी आल्यावर तो काही वेळ गप्प राहिला आणि मग पाहिलेली प्रत्येक क्रिया क्रमाने सांगू लागला. धान्य भरले, पोते उचलले, ते गिरणीत ओतले, पीठ पडले. पुढे त्याने खेळातली गिरणी मांडली व प्रत्येक कृती करताना तीच वाक्ये तो म्हणत राहिला. ग्वँच्या मनात प्रकाश पडला. मूल सुटे शब्द शिकत नाही. एकामागून एक घडणाऱ्या क्रियांची वाक्ये ते शिकते. १८८० मध्ये त्याने या विचारावर ग्रंथ लिहिला. त्याच्या क्रियामालिका पुढे फार लांबत व कंटाळवाण्या होत, हे खरे. परंतु खेड्यातील शिक्षकास त्यांतील बीज फार उपयोगी आहे. 'आय टेक द बकेट. आय गो टु द वेल. आय ड्रॉ वॉटर. आय फिल द बकेट.' या चार वाक्यांना बादली व दोर एवढेच साहित्य लागते, आणि तेही शाळेत असते. शिक्षकाने कृती करीत बोलावे, मग मुलांनी कृती करीत बोलावे.

१८८२ मध्ये जर्मनीत विल्हेल्म फिएटोर याने भाषाशिक्षणाची दिशाच बदलावी असे पत्रक काढले आणि प्रत्यक्ष पद्धतीचा जोर वाढला. तिने वर्गातून मातृभाषेला हद्दपार केले. येथे दुसरे टोक गाठले गेले. 'ऑनेस्ट' या शब्दाचा अर्थ हावभावांनी समजावण्यात अर्धा तास घालविणे, आणि शेवटी 'प्रामाणिक' हा शब्द कोणीतरी मुलगा हळूच शेजाऱ्याला सांगतोच, हा प्रकार ज्यांनी पाहिला आहे त्यांना याविषयी अधिक सांगणे नको.

सी. जे. डॉडसन याने १९६७ मध्ये ग्रंथरूपाने मांडलेली द्विभाषिक पद्धती या दोहोंमधील वाट दाखविते. शिक्षक इंग्रजी वाक्य म्हणतो, त्याचा मराठी अर्थ एकदाच सांगतो व पुन्हा इंग्रजी वाक्य म्हणतो; मुले ते अनुसरतात. पुढे शिक्षक मराठी वाक्य उच्चारतो आणि मुले इंग्रजीत उत्तरतात. मराठी बोलण्याचा अधिकार शिक्षकाचा. मुलांच्या तोंडी इंग्रजीच. अर्थ शब्दाचा नव्हे, वाक्याचा द्यावयाचा, हे यातील मर्म होय.

हा भेद लहान नाही. 'मला दोन भाऊ आहेत' याचे शब्दशः रूपांतर करणारा मुलगा 'टु मी टू ब्रदर्स आर' असे लिहितो, कारण 'हॅव' या क्रियापदाला मराठीत जोडीदारच नाही. येथे नियम सांगून भागत नाही. 'आय हॅव टू ब्रदर्स', 'आय हॅव अ पेन', 'आय हॅव अ काउ' अशी वाक्ये कानांवरून दहा वेळा गेली पाहिजेत. मात्र 'टेबलावर' यात 'वर' नामाच्या मागून येतो व इंग्रजीत 'ऑन' पुढे येतो, हे दोन्ही वाक्ये फळ्यावर शेजारी लिहून दोन मिनिटांत दाखविता येते. हे काम भाषांतराशिवाय इतक्या लवकर होत नाही, आणि ते मराठी शिक्षकच चांगले करू शकतो. 'ए' व 'द' यांची गोष्टही अशीच आहे. मराठीत तशी उपपदे नसल्याने मुले ती गाळतात. त्यांची व्याख्या पाठ करवून काही साधत नाही.

आठवड्याच्या तासांची विभागणी करताना पहिली दहा मिनिटे पुस्तक मिटलेले असावे. त्या वेळेत आधीच्या दिवसाची चार वाक्ये कृतीसह म्हणून घ्यावीत, व त्यानंतर पाठ उघडावा. महिन्याअखेर लेखी चाचणीबरोबर प्रत्येक मुलास दोन तोंडी प्रश्न विचारावेत. पट मोठा असल्यास रोज पाच मुले घेतली, तरी महिन्यात सर्वांची पाळी येते. गुण देताना उच्चार शुद्ध नाही म्हणून कापू नयेत. मुलाने पुरे वाक्य बोलून उत्तर दिले की नाही, एवढेच पाहावे.